ट्रेमोलो पेडल घरी जोडताना: गिटार थांबली तरी टिकटिक का ऐकू येते?

गिटारचं ट्रेमोलो पेडल, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावायची पायानं चालू-बंद होणारी डबी, घरी जोडणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. सर्किट चालतं, आवाज हवा तसा ठेक्यात कमीजास्त होतो, पण तारांवर हात ठेवून गिटार गप्प केली तरी स्पीकरमधून बारीक टिक, टिक, टिक चालूच राहते. वेगाचा नॉब फिरवला की टिकटिकही जलद होते. मग आयसी बदलला जातो, कपॅसिटर बदलले जातात, सोल्डरचे सगळे डाग पुन्हा वितळवून होतात. टिकटिक जागची हलत नाही.

सुटा भाग खराब असल्यामुळे असं क्वचितच होतं. ट्रेमोलो पेडलमध्ये एकाच बोर्डावर दोन वेगळी सर्किटं असतात. एकातून गिटारचा नाजूक सिग्नल जातो आणि दुसरं फक्त ठेका धरतं. या दोघांचा संबंध नेमका कुठे यायला हवा आणि कुठे अजिबात यायला नको, हे एकदा कळलं की पेडल जोडणं अवघड राहत नाही आणि बिघाड शोधायला अंदाजपंचे भाग बदलावे लागत नाहीत.

टेबलफॅनसमोरचा ‘आऽऽ’

चालू टेबलफॅनसमोर तोंड नेऊन ‘आऽऽ’ म्हटलं की आवाज कापत बाहेर येतो, हा खेळ आपण सगळ्यांनी केलेला आहे. गळ्यातला सूर तोच असतो, फिरती पाती तो ठरावीक अंतरानं अडवत असतात. ट्रेमोलोमध्ये हेच होतं. सूर कायम, आवाजाची पातळी मात्र एका ठेक्यात वरखाली. पंख्याचा वेग म्हणजे पेडलवरचा ‘रेट’चा नॉब, आणि पाती आवाज किती अडवतात तो ‘डेप्थ’चा नॉब.

पातळीऐवजी सूरच वरखाली झाला तर तो व्हायब्रॅटो. या दोन नावांचा घोळ अजून चालू आहे, कारण फेंडर कंपनीनं १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवर सूर वाकवणाऱ्या दांडीला ट्रेमोलो म्हटलं आणि आपल्या अनेक ॲम्प्लिफायरवरच्या खऱ्या ट्रेमोलोला व्हायब्रॅटो.

हा परिणाम फार जुना आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत डीआर्मंड कंपनीचं ‘ट्रेमोलो कंट्रोल’ मिळायचं. त्यात एक मोटर वीजवाहक द्रव भरलेली छोटी कुपी हलवत राही, आणि द्रव आतल्या टोकाला लागला की गिटारचा सिग्नल त्यातून जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडला, वळत असे. १९५५ मध्ये अमेरिकन गायक-गिटारवादक बो डिडलीच्या गिटारमुळे हा ठेका रॉक अँड रोलच्या कानात बसला. १९६० च्या दशकातल्या फेंडर ॲम्प्लिफायरांत द्रवाच्या जागी उजेड आला. निऑनचा इवलासा दिवा लुकलुकायचा आणि त्याच्या शेजारी उजेड ओळखणारा एक भाग बसवलेला असायचा. आपण जे पेडल जोडणार आहोत ते याच कल्पनेवर चालतं, फक्त निऑनच्या जागी एलईडी आणि शेकडो व्होल्टच्या जागी ९ व्होल्ट.

दोन सर्किटं, मध्ये फक्त उजेड

उजेड ओळखणारा भाग म्हणजे एलडीआर. अंधारात त्याचा रोध लाखो ओहम असतो, उजेड पडला की तो हजारांत किंवा शेकड्यांत येतो. आपल्याकडे सहज मिळणारा जीएल५५२८ या कामाला पुरेसा आहे.

ठेका धरणाऱ्या सर्किटला एलएफओ म्हणतात. त्याचं काम एवढंच की एक व्होल्टेज सेकंदाला साधारण एकदा ते दहादा सावकाश वर न्यायचं आणि खाली आणायचं. त्या व्होल्टेजवर एलईडी उजळतो आणि मावळतो. एलईडी आणि एलडीआर समोरासमोर लावून काळ्या नळीत बंद केले, की एलईडीच्या तालावर एलडीआरचा रोध बदलतो.

आवाजाच्या वाटेत गिटारचा सिग्नल आधी एका ऑपॅम्पमधून जातो (ऑपॅम्प म्हणजे सिग्नल सांभाळणारा वा वाढवणारा आयसी, एका टीएल०७२ मध्ये असे दोन असतात). तिथून तो १० किलोओहमच्या रोधातून पुढे येतो, आणि तिथेच एलडीआरची वाट फुटते. एलडीआर १०० किलोओहम असेल तर अकरापैकी दहा भाग सिग्नल पुढे जातो. एलडीआर १ किलोओहमवर आला तर अकरापैकी एकच. बाकीचा एलडीआरमधून निघून जातो. सगळा ट्रेमोलो या एका भागाकारात आहे. एलडीआरच्या मालिकेत ५० किलोओहमचा पॉट (नॉब फिरवून रोध बदलता येणारा भाग) लावला की डेप्थ कमीजास्त करता येते. पुढचा ऑपॅम्प सिग्नल दुप्पट करतो, कारण आवाज अधूनमधून कमी होत असल्यानं एकूण पातळी पडल्यासारखी वाटते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. एलएफओ आणि आवाजाची वाट यांना जोडणारी एकही तार लागत नाही. एलईडीचा उजेड एलडीआरवर पडतो, इतकाच त्यांचा कायदेशीर संबंध. साधा ट्रान्झिस्टर किंवा जेएफईटी (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) वापरूनही ट्रेमोलो बनतो आणि चांगला बनतो, पण पहिलं पेडल म्हणून मी उजेडाचंच सुचवतो. बिघाड शोधताना दोन्ही सर्किटं खरोखर तोडून वेगळी तपासता येतात, ही सोय बाकी कशात नाही.

ठेक्याचा वेग कसा ठरतो

एलएफओसाठी एकाच आयसीमधले दोन ऑपॅम्प एकमेकांना जोडतात. पहिला फक्त दोनच अवस्था ओळखतो, वर किंवा खाली. तो वर असताना दुसऱ्याचं व्होल्टेज सावकाश उतरत जातं. ते पुरेसं उतरलं की पहिला झटक्यात खाली जातो, आणि मग दुसऱ्याचं चढायला लागतं. पहिल्यातून चौकोनी लहर मिळते, दुसऱ्यातून त्रिकोणी. एलईडीला आपण त्रिकोणी देतो. चौकोनीचा झटका मात्र लक्षात ठेवा, पुढे आपली गाठ त्याच्याशी आहे.

वेग तीन गोष्टींवर ठरतो: दुसऱ्या ऑपॅम्पवरचा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याला भरणारा रोध, आणि पहिल्या ऑपॅम्पभोवतीचे दोन रोध. हे दोन २२ आणि ४७ किलोओहमचे घेतले आणि भरणारा रोध ४७ किलोओहम अधिक ५०० किलोओहमचा पॉट असा ठेवला, तर वेग साधारण सेकंदाला १ ते ११ फेऱ्यांपर्यंत फिरतो. गिटारला याहून जास्त लागत नाही.

हा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर इलेक्ट्रोलिटिक नको. त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज दर फेरीत उलटसुलट होतं, त्यामुळे धन-ऋण बाजू असलेला कपॅसिटर तिथे चालत नाही. दुकानात बॉक्स किंवा पॉलिएस्टर कंडेन्सर (कपॅसिटरचंच दुसरं नाव) मागा. १ मायक्रोफॅरड नसेल तर ४७० नॅनोफॅरडचे दोन समांतर लावा.

एलईडी कोणता, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. त्रिकोणी लहर सुमारे ३ ते ६ व्होल्टच्या मध्ये फिरते आणि एका बीसी५४७ ट्रान्झिस्टरमधून एलईडीला पोचते. लाल एलईडी २ व्होल्टच्या आतच पेटतो, म्हणजे लहर तळाला असतानाही तो पुरता विझत नाही. एलडीआरला सतत थोडा उजेड मिळत राहतो आणि डेप्थचा नॉब पूर्ण फिरवूनही परिणाम अर्धामुर्धाच वाटतो. पांढऱ्या उजेडाच्या, पारदर्शक एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, त्यामुळे तो तळाला खरोखर विझतो. एलडीआरचा डोळाही हिरव्या उजेडाला सर्वांत तीक्ष्ण असतो, लालला कमी. एलईडीच्या मालिकेतला रोध १ ते ४.७ किलोओहमच्या दरम्यान बदलून बघा, पेडलचा स्वभाव बदललेला लगेच ऐकू येतो. हा एक रोध सॉकेटमध्ये ठेवून निरनिराळी मूल्यं ऐकण्यात घालवलेली संध्याकाळ वाया जात नाही.

स्ट्रिपबोर्ड: आरशातला नकाशा

स्ट्रिपबोर्ड, म्हणजे आपल्याकडच्या दुकानदारांचा व्हेरोबोर्ड. एका बाजूला तांब्याच्या समांतर पट्ट्या आणि त्यांत २.५४ मिलिमीटर अंतरावर भोकं. एका पट्टीवरची सगळी भोकं आपोआप जोडलेली असतात. जिथे जोड नको तिथे पट्टी कापायची, जिथे दोन पट्ट्या जोडायच्या तिथे वरून तारेचा तुकडा टाकायचा. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेताना बोर्ड उलटून बघा. सलग पट्ट्यांऐवजी सुट्या गोल टिकल्या असतील तर तो जनरल पर्पज बोर्ड आहे. त्यावरही काम होतं, पण पट्ट्यांचा नकाशा त्यावर जसाच्या तसा उतरत नाही.

पहिल्यांदा जोडणाऱ्याचा घात इथे होतो. नकाशा भागांच्या बाजूनं काढलेला असतो आणि पट्ट्या कापायच्या असतात खालून. बोर्ड पालथा केला की डावं उजवीकडे जातं. म्हणून कापायचं भोक वरून मोजा, त्यातून टाचणी खुपसा, मग बोर्ड पालथा करून टाचणीचं टोक दिसेल तिथे मार्करनं खूण करा. सगळ्या खुणा झाल्यावरच कापायला घ्या. ३ किंवा साडेतीन मिलिमीटरचं ड्रिलचं पातं हातातच धरून दोनचार वेळा फिरवलं की तांबं निघतं, यंत्राची गरज नाही.

आठ पायांच्या आयसीखाली चार काप लागतात, कारण समोरासमोरचे दोन पाय एकाच पट्टीवर येतात. काप नीट झाला असं डोळ्यांना वाटतं आणि कडेला केसाएवढं तांबं शिल्लक असतं. मल्टीमीटर बीपवर ठेवून कापाच्या दोन्ही बाजूंना टोकं लावा. बीप वाजता कामा नये. भाग बसवण्यापूर्वी शेजारशेजारच्या पट्ट्या दोन-दोन करून अशाच तपासा. सोल्डर झाल्यावर पट्ट्यांच्या मधल्या फटींतून ब्लेडचं टोक एकदा ओढून काढा. त्या फटींत अडकलेला सोल्डरचा कण हे ‘काहीच चालत नाही’चं सर्वांत नेहमीचं कारण आहे.

आयसी थेट सोल्डर करू नका, सॉकेट लावा. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, आत राळ असलेली ६०/४० सोल्डर तार, आणि आधी जोड तापवून मग तार लावायची सवय, एवढं पुरतं. चांगला डाग चकचकीत आणि कडेला उतरता दिसतो. गोळ्यासारखा बसलेला मळकट डाग म्हणजे ड्राय सोल्डर, आज चालेल आणि उद्या खरखर करेल.

आवाजच येत नसेल तर

आधी पायाचा स्विच बायपासला टाका, म्हणजे गिटारचा सिग्नल बोर्ड टाळून सरळ बाहेर जातो. तिथेही आवाज नसेल तर दोष जॅक किंवा स्विचच्या तारांत आहे, बोर्डला हात लावायचं कारण नाही. नऊ पायांच्या थ्रीपीडीटी स्विचवर तारा एका रांगेनं सरकलेल्या सापडणं नेहमीचं आहे.

बायपास ठीक असेल तर व्होल्टेज मोजा. गिटार पेडलच्या ॲडॉप्टरमध्ये मधला पिन ऋण असतो, आणि बाजारातले बरेचसे साधे ॲडॉप्टर याच्या उलट असतात. म्हणून येणाऱ्या पुरवठ्यात १एन५८१७ डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) मालिकेत असावाच. उलटा ॲडॉप्टर लागला तर पेडल फक्त बंद राहतं, जळत नाही. डायोडनंतर साधारण ८.७ व्होल्ट उरतात. आयसीच्या ८ व्या पायावर तेवढे, ४ थ्यावर शून्य, आणि आवाजाच्या आयसीच्या १ व ७ या पायांवर त्याच्या निम्मे, म्हणजे ४.३ च्या आसपास दिसले पाहिजेत. हे निम्मं व्होल्टेज दोन समान रोधांनी बनवलेलं असतं आणि सिग्नल त्याच्याभोवती वरखाली होतो.

त्याच आयसीच्या ३ ऱ्या, म्हणजे इनपुटच्या पायावर मात्र मीटर फसवतो. तो पाय १ मेगाओहमच्या रोधातून निम्म्या व्होल्टेजला जोडलेला असतो आणि स्वस्त पिवळ्या मीटरचा स्वतःचा रोधही १ मेगाओहमच असतो. मीटर लावताच व्होल्टेज दोघांत वाटलं जातं आणि ४.३ च्या जागी २.२ दिसतं. चांगल्या मीटरचा रोध १० मेगाओहम असल्यानं त्यावर ३.९ च्या आसपास दिसेल. यात बिघाड काहीच नाही. १ ल्या पायावर ४.३ असेल तर ३ ऱ्याची काळजी सोडा.

व्होल्टेज बरोबर आणि तरी आवाज नाही, तर सिग्नलचा माग काढा. एका तारेच्या टोकाला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा, तारेचं दुसरं टोक ॲम्पला जाणाऱ्या केबलच्या मधल्या तारेला, आणि केबलची जाळी पेडलच्या ग्राउंडला जोडा. ॲम्पचा आवाज अगदी कमी ठेवा. गिटार छेडत कपॅसिटरचं मोकळं टोक आधी इनपुटला, मग १ ल्या पायाला, मग १० किलोओहमच्या पलीकडे, मग ७ व्या पायाला टेकवत जा. जिथपर्यंत आवाज येतो तिथपर्यंत सर्किट चांगलं, जिथे तुटतो तिथे दोष. ही युक्ती ९ व्होल्टच्या पेडलपुरतीच. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये किंवा घरच्या विजेवर चालणाऱ्या उघड्या यंत्रात असा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

आवाज येतो, पण हलत नाही

एलडीआरची काळी नळी काढा आणि त्यावर मोबाइलचा टॉर्च मारा. आवाज दबला तर आवाजाची वाट चोख आहे, दोष एलएफओत. टॉर्चनंही फरक पडला नाही तर एलडीआर किंवा डेप्थचा पॉट नीट जोडलेला नाही. एवढ्या एका चाचणीनं अर्धा बोर्ड संशयातून बाहेर पडतो.

एलएफओ तपासायला रेट सर्वांत कमी ठेवून त्रिकोणी लहरीच्या पायावर मीटर लावा. आकडे ३ आणि ६ च्या दरम्यान भटकत राहिले पाहिजेत. घरात जुना सुईचा मीटर असेल तर तो काढा, सुई डोलताना दिसते आणि शंकेला जागा राहत नाही. आकडा स्थिर असेल तर २२ आणि ४७ किलोओहमचे रोध अदलाबदल झालेत का बघा. तसं झालं की लहर ठेक्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचतच नाही आणि एलएफओ एका टोकाला अडकून बसतो.

नळी काढून ट्यूबलाइटखाली काम करत असाल तर एक घरघर ऐकू येईल. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा थरथरतो आणि एलडीआर ते थोडंफार टिपतो. नळी पुन्हा चढवली की घरघर जाते. पातळ काळ्या नळीतूनही उजेड झिरपतो, म्हणून दोन थर चढवा.

आणि आता ती टिकटिक

एलएफओमधला पहिला ऑपॅम्प दर अर्ध्या फेरीला सुमारे ६ व्होल्टची उडी मारतो, तीही एका मायक्रोसेकंदाच्या आत. शेजारून जाणारा गिटारचा सिग्नल जेमतेम काही दशांश व्होल्टचा असतो. त्या उडीचा हजारावा भाग जरी आवाजाच्या वाटेत शिरला तरी ॲम्प तो मोठा करून ऐकवतो. उजेडाखेरीज दुसरा संबंध नको म्हटलं होतं, तो चोरवाटांनी येतो, आणि त्या दोनच आहेत. एक, पुरवठ्याच्या आणि ग्राउंडच्या सामाईक तारा. दोन, हवेतून, म्हणजे जवळ असलेल्या दोन पट्ट्या किंवा तारांमधली नकळत तयार झालेली काही पिकोफॅरडची धारिता, जणू एक इवलासा कपॅसिटरच.

कोणती वाट आहे ते आधी ठरवा, उपाय नंतर. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. टिकटिक तेवढीच राहिली तर ती पुरवठ्यातून येते आहे. खूप कमी झाली, आणि उलट गिटारची केबल काढून इनपुट मोकळं ठेवल्यावर वाढली, तर ती हवेतून इनपुटला चिकटते आहे.

याहून पक्की चाचणी हवी असेल तर एलएफओचे धन आणि ग्राउंडचे जोड उचकटा आणि त्याला स्वतंत्र ९ व्होल्टची बॅटरी द्या. मध्ये फक्त उजेड असल्यामुळे ट्रेमोलो तसाच चालू राहील. टिकटिक गेली, तर पुरवठा दोषी. म्हणून नकाशा काढतानाच एलएफओचा पुरवठा दोन उचलता येणाऱ्या तारांवर ठेवा आणि त्याचं निम्मं व्होल्टेजही वेगळ्या दोन रोधांनी बनवा.

पुरवठ्याच्या दोषावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही स्वस्त. एलएफओला टीएल०७२ ऐवजी टीएल०६२ लावा. पाय तेच, पण एकेका ऑपॅम्पला १.४ मिलिअँपिअरऐवजी ०.२ मिलिअँपिअर लागतो आणि उडीही कमी तीव्र असते. पुष्कळदा टिकटिक इथेच संपते. दुसरं, एलएफओच्या पुरवठ्यात १०० ओहमचा रोध आणि त्यानंतर ग्राउंडकडे १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, म्हणजे उडीचा झटका या कपॅसिटरमधून भागतो आणि मागे पोचत नाही. तिसरं, एलएफओच्या ग्राउंडची तार आवाजाच्या ग्राउंडमधून न नेता सरळ पॉवर जॅकपर्यंत वेगळी न्या.

हवेतून येणाऱ्या टिकटिकीचा गुन्हेगार मात्र बहुधा बोर्डवर नसतोच. तो रेटच्या पॉटकडे जाणाऱ्या तारांत असतो. चौकोनी लहर याच तारांतून जाते, आणि डब्यात त्या इनपुट जॅकच्या अंगावरून ओढलेल्या असतात. दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळा, आखूड करा, जॅकपासून लांबच्या भिंतीला चिकटवा, आणि इनपुटला जाळीची वायर वापरा. बोर्डवर चौकोनी लहरीची पट्टी आणि इनपुटची पट्टी यांच्यामध्ये एखादी रिकामी पट्टी ग्राउंडला जोडून ठेवा.

टिकऐवजी ‘धप, धप’ ऐकू येत असेल तर तो वेगळा रोग आहे. एलडीआरचं दुसरं टोक निम्म्या व्होल्टेजला जायला हवं. ते चुकून ग्राउंडला गेलं तर सिग्नलबरोबर ४ व्होल्टची स्थिर पातळीही दर फेरीत हलते आणि स्पीकरचा पडदा ढकलला जातो. एक तार पट्टीभर सरकवली की प्रश्न सुटतो.

गोंगाट स्ट्रिपबोर्डमुळेच होतो का?

खास छापून घेतलेल्या पीसीबीवर, म्हणजे त्याच सर्किटसाठी तांब्याच्या वाटा आखलेल्या बोर्डवर, हे होणार नाही, असं अनेकजण सांगतात. आवाजाच्या वारंवारतेला पट्ट्यांमधली धारिता जवळपास निरुपद्रवी असते, रेडिओच्या सर्किटात ती नडते. इथे नडते ती फक्त झटक्याची उडी, आणि मांडणी चुकली तर ती पीसीबीवरही तितकीच नडते. १९६० च्या दशकातल्या फेंडर ॲम्पची ट्रेमोलोची टिकटिक दुरुस्तीवाल्यांना चांगली परिचयाची आहे, आणि त्यांत ना स्ट्रिपबोर्ड ना आयसी.

एलडीआर मंद असतो, त्याचं काय?

हे खरं आहे. जीएल५५२८ ला उजेडाला प्रतिसाद द्यायला साधारण २० मिलिसेकंद लागतात आणि अंधार झाल्यावर पूर्ववत व्हायला ३०. सर्वांत जलद ठेक्यावर एक फेरीच ९० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे त्रिकोणाचे कोपरे घासून गोल होतात. जुन्या ट्रेमोलोचा मऊपणा याच मंदपणातून येतो आणि मला तो हवाच असतो. आवाज कात्रीनं कापल्यासारखा तोडणारा ट्रेमोलो हवा असेल तर हे सर्किट निवडू नका, जेएफईटीचं निवडा.

मोबाइलवर ॲप असताना हे कशाला?

फक्त परिणाम हवा असेल तर ॲप किंवा तयार पेडल घ्या, वेळ वाचेल. पण गिटार वाजवणाऱ्याला ‘डेप्थ कमी वाटते’ यावर एलईडीचा रोध बदलून उत्तर देता आलं, तर त्याचं आपल्या आवाजाशी असलेलं नातं वेगळं होतं. शिवाय पुरवठा, निम्मं व्होल्टेज, सिग्नलचा माग या तीन गोष्टी बाकी सगळ्या पेडलांतही त्याच असतात. डिस्टॉर्शनचं बंद पडलेलं पेडल मग त्याच मीटरनं आणि त्याच कपॅसिटरच्या टोकानं उघडून बघता येतं.

टेबलावर चालतं, डब्यात बंद पडतं

ही शेवटची तक्रार. ॲल्युमिनिअमच्या डब्यात झाकण लावलं की आवाज जातो, झाकण काढलं की येतो. बोर्डखालची कापलेल्या पायांची टोकं झाकणाला लागतात, किंवा पॉटची धातूची पाठ पट्ट्यांवर टेकते. टोकं आणखी छाटा आणि बोर्डखाली जाड प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, औषधाच्या रिकाम्या डबीचं झाकणही चालतं. डबा स्वतः ग्राउंडला जोडलेला असलाच पाहिजे, नाहीतर हात लावला की गुणगुण वाढते. जॅकच्या नटनं तो जोड आपोआप होतो, पण डब्याला रंग दिला असेल तर नटाखालचा रंग आधी खरवडून काढा.